परदेशात पहिलं भाड्याचं घर: उपनगर कसं निवडायचं (कोकणातून मेलबर्नला निघालेल्यांसाठी)

गणपतीला घरी आले की आमच्या पडवीवर दोन-चार जण फोन घेऊन येतातच. कुणाला मेलबर्नच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, कुणाची नर्सिंगची नोंदणी झालेली असते, कुणाच्या जावयाला कंपनी तिकडे पाठवत असते. प्रश्न एकच: "ताई, राहायला कुठे घेऊ? टारनीटला आपली बरीच माणसं आहेत म्हणे." यंदा वाडीतल्या एका मुलीने फोनवर घराचे फोटो दाखवले आणि म्हणाली, उद्या सकाळी पैसे पाठवायचे आहेत. तिला हाताला धरून बसवलं आणि आरती होईपर्यंत बोलत राहिले. तिला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती महागात पडली आहे.

नियम आणि आकडे सगळे मेलबर्नचे, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याचे आहेत. सिडनीला किंवा ब्रिस्बेनला जाणार असाल तर शोधायची पद्धत हीच वापरा, पण भाड्याचा कायदा तिथल्या राज्याचा बघा. ऑस्ट्रेलियात तो राज्यागणिक बदलतो.

१. आधी कामाची जागा आणि वेळ कागदावर लिहा

समजा सोलापूरची एखादी मुलगी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात रुजू होते आहे आणि तुम्हाला विचारते, खोली कुठे घेऊ? तुम्ही लगेच तिला घरांचे फोटो दाखवणार नाही. ड्यूटी कधीची, गाडी आहे का, एकटी राहणार की कुणी सोबत, हे विचाराल. गाडी नसेल तर म्हणाल, खेडशीला स्वस्त मिळाली तरी घेऊ नको, रात्री रिक्षा शोधत बसशील. मासळीचा वास सोसत नसेल तर मिरकरवाड्याची बाजू नको. भाजी, औषधं, बस सगळं पायाखाली हवं असेल तर मारुती मंदिर बघ. आणि तिची नोकरी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत असती तर तुमचं उत्तर वेगळं आलं असतं.

आपल्या गावाबद्दल आपण हा विचार क्षणात करतो. परक्या शहरात मात्र "चांगला एरिया कुठला" एवढंच विचारतो, आणि ज्याला विचारतो तो त्याला सोयीचा एरिया सांगतो.

म्हणून कागद घ्या आणि लिहा: कामाचा किंवा कॉलेजचा नेमका पत्ता (विद्यापीठांचे कॅम्पस अनेक असतात, आपला कुठला ते ऑफर लेटरवर बघा), सर्वांत लवकर किती वाजता पोचायचं, सर्वांत उशिरा किती वाजता सुटायचं, शनिवार-रविवार काम आहे का, गाडी चालवता येते का आणि पहिल्या सहा महिन्यांत घेणं परवडणार आहे का. दोघं जाणार असाल तर दोघांचा वेगळा कागद. विद्यार्थी असाल तर शिकता शिकता जे काम कराल त्याची वेळही धरा. हॉटेलातलं काम रात्री अकराला सुटतं.

२. कोकणात बसून वर्षाच्या करारावर सही करू नका

मी २०१८ च्या जूनमध्ये गेले. निघण्याआधी ओळखीतल्या ओळखीतून टारनीटचं एक घर सुचवलं गेलं. नवं कोरं, तीन बेडरूम, मागे अंगण. मी आणि माझ्याबरोबर जाणारी मैत्रीण, दोघींत भाडं वाटलं तर फारच स्वस्त पडत होतं. घरच्यांनाही वाटलं, आपली माणसं आजूबाजूला आहेत, पोरी एकट्या पडणार नाहीत. रत्नागिरीतच बसून सही केली.

आमचं रुग्णालय शहराच्या आग्नेयेला आणि घर पश्चिमेला. सकाळची ड्यूटी सातची. घरापासून स्टेशनला बस, तिथून गाडीने शहराच्या मध्यातलं सदर्न क्रॉस स्टेशन, तिथे उतरून आग्नेयेकडे जाणारी लोकल, मग पुन्हा चालणं. सगळं जुळून आलं तर पावणेदोन तास, एक गाडी चुकली की दोनाच्या वर. जूनमध्ये तिकडे ऐन हिवाळा. पहाटे अंधारात बसथांब्यावर उभं राहायचं, तोंडातून वाफ यायची, आणि बस येईपर्यंत हातमोज्यांतली बोटंसुद्धा बधिर व्हायची. रविवारी तर बस-ट्रेनने सातला पोचणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी टॅक्सीला अर्ध्या दिवसाचा पगार जायचा. संध्याकाळी घरी आल्यावर बोलायचं त्राण नसायचं, मग आजूबाजूची आपली माणसं असून उपयोग काय? चार महिन्यांत तिथल्या एकाही कार्यक्रमाला आम्ही जाऊ शकलो नाही.

चौथ्या महिन्यात घर सोडलं. करार वर्षाचा होता. तिथे करार मधेच मोडला तर नवा भाडेकरू मिळेपर्यंतचं भाडं आणि पुन्हा जाहिरात करण्याचा खर्च सोडणाऱ्यावर येतो. पाच आठवडे आम्ही दोन घरांचं भाडं भरलं. घर चांगलं होतं, उपनगरही चांगलं होतं. आमच्या कामासाठी ते नव्हतं, एवढंच.

तेव्हा पहिले तीन-चार आठवडे तात्पुरतं राहा. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं असतात, शेअर हाउसमध्ये महिन्याच्या बोलीवर खोली मिळते, कुणाच्या घरी पाहुणे म्हणून राहता येतं. तात्पुरती जागा शक्य तितकी कामाजवळ घ्या. आठवड्याला थोडे जास्त गेले तरी जाऊ द्या, त्या दिवसांत तुम्हाला उपनगरं पायांनी बघायची आहेत.

जानेवारी-फेब्रुवारीत घरं शोधणाऱ्यांची मोठी गर्दी असते, कारण विद्यापीठांचं पहिलं सत्र त्याच सुमारास सुरू होतं. तेव्हा जाणार असाल तर तात्पुरती सोय सहा आठवड्यांची करून ठेवा.

३. रेल्वेचा नकाशा समोर ठेवा

मेलबर्नची लोकल छत्रीच्या काड्यांसारखी आहे. मधे शहर आणि तिथून चहूकडे निघालेल्या रेघा: वेरिबीची, सनबरीची, क्रेगीबर्नची, ग्लेन वेव्हर्लीची, पॅकनम-क्रॅनबर्नची आणि आणखी काही. एका काडीवरून दुसरीवर जायचं तर बहुतेक वेळा मध्यापर्यंत यावं लागतं. टारनीटला तर उपनगरी लोकलही नाही, तिथे व्हीलाइनची, म्हणजे लांबच्या गावांना जाणाऱ्या रेल्वेची, जिलाँगकडची गाडी थांबते. म्हणून पहिला नियम असा की घर कामाच्याच काडीवर शोधा. काम क्लेटनला असेल तर ओकली, क्लेटन, स्प्रिंगव्हेल, डँडेनाँग या एकाच रेघेवरच्या जागा आहेत. काम पार्कव्हिलच्या रुग्णालयांत किंवा शहराच्या मध्यात असेल तर तुम्हाला सगळ्या काड्या खुल्या आहेत, तेव्हा स्वस्त काय ते बघा.

काड्यांना आडव्या जोडणाऱ्या बसेसही आहेत. ९०१, ९०२ आणि ९०३ क्रमांकांच्या बस शहराला लांबून वळसा घालतात. त्यांच्या मार्गावर घर आणि काम दोन्ही येत असेल तर मध्यापर्यंतचा हेलपाटा वाचतो, पण त्यांना वेळ लागतो.

आता "स्टेशन जवळ" या शब्दांबद्दल. कोकण रेल्वेवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पाटीवर गावाचं नाव असतं आणि गाव गाठायला रिक्षा करावी लागते. तिकडच्या जाहिरातीत "स्टेशनपासून पाच मिनिटं" लिहिलेलं असतं ते गाडीने. पॉइंट कुक हे आपल्या लोकांत फार लोकप्रिय उपनगर, पण त्याला स्वतःचं स्टेशनच नाही. बरेच जण विल्यम्स लँडिंगला जाऊन गाडी पकडतात. ट्रुगनायनालाही स्टेशन नाही. गाडी असलेल्या कुटुंबाला त्याची अडचण वाटणार नाही, गाडी नसलेल्या विद्यार्थ्याला रोज वाटेल.

प्रत्येक घराचा पत्ता गूगल मॅप्समध्ये टाका आणि "किती वाजता पोचायचं" हा पर्याय निवडून तीन वेळा बघा: मंगळवारची सकाळ, रविवारची सकाळ, आणि कामावरून सुटण्याची सर्वांत उशिराची वेळ. शुक्रवारी-शनिवारी रात्रभर गाड्या असतात, इतर रात्री नसतात. एकूण वेळेत चालणं किती आहे तेही बघा. माझं मत विचाराल तर दारापासून दारापर्यंत पन्नास मिनिटांच्या वर जाऊ नका. शिफ्टचं काम असेल तर अर्ध्या तासाच्या आत राहा आणि त्यासाठी खोली लहान घ्यावी लागली तर लहान घ्या.

४. पैशाचा हिशेब आठवड्याने करा

तिकडे भाडं आठवड्याचं सांगतात आणि बहुधा महिन्याला भरायचं असतं. आपण आठवड्याच्या भाड्याला चाराने गुणतो आणि तिथेच फसतो. आठवड्याचं भाडं गुणिले ५२, भागिले १२, असा हिशेब करा. आठवड्याला ५०० डॉलर म्हणजे महिन्याला २,००० नव्हे, साधारण २,१६७ डॉलर.

सुरुवातीला महिन्याभराचं भाडं आगाऊ आणि महिन्याभराचं डिपॉझिट, म्हणजे बाँड, एवढं एकदम लागतं. भाडं आठवड्याला ९०० डॉलर किंवा त्याहून कमी असेल तर महिन्यापेक्षा जास्त बाँड कायद्याने मागता येत नाही. त्याशिवाय घर रिकामं असतं. चूल आणि ओव्हन असतो, पण फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग, पडदे बऱ्याचदा तुमचे तुम्ही आणायचे. वीज आणि गॅस तुमच्या नावावर, आणि वेगळं मीटर असेल तर वापरलेल्या पाण्याचे पैसेही तुमचे. हिवाळ्यात हीटरचं बिल चांगलंच येतं, ते धरूनच भाडं ठरवा.

स्वस्त उपनगर आणि महाग प्रवास यांची बेरीज एकत्र करा. लांब गेल्यावर गाडी घ्यावी लागली तर तिचा विमा, नोंदणी, पेट्रोल हे सगळं भाड्यातच मोजा. बेरीज केल्यावर जवळची लहान जागा स्वस्त ठरल्याचं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

५. आपली माणसं किती जवळ हवीत?

हा प्रश्न मी हलका मानत नाही. आमचे आजोबा मुंबईला गेले तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत उतरले. एका खोलीत वाडीतले वीसेक जण, प्रत्येकाची पेटी भिंतीला, झोपायचं पाळीपाळीने. ते निभलं, कारण गिरणीचा भोंगा त्याच खोलीत ऐकू येत होता. माणसं आणि काम दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर होती. मेलबर्नला या दोन गोष्टी बहुतेकदा शहराच्या दोन टोकांना असतात. रोज कामाला जायचं असतं आणि माणसांकडे रविवारी. तेव्हा घर कामाजवळ घ्या आणि रविवारी गाडी पकडून माणसांकडे जा. लहान मूल असेल, बाळंतपण असेल, आई-वडील सोबत येणार असतील, तर मात्र उलट करा. तेव्हा शेजारी मराठी बोलणारं कुणी असणं लाखमोलाचं असतं.

मला माहीत असलेल्या भागांबद्दल थोडंसं.

पश्चिमेला टारनीट, ट्रुगनायना, पॉइंट कुक, वेरिबी: भारतीय कुटुंबं खूप, घरं नवी आणि मोठी, वाणसामान हाताशी. जमीन सपाट, झाडं अजून लहान, त्यामुळे वारा आणि उन्हाळ्याचं ऊन थेट अंगावर. सकाळी शहराकडे नेणाऱ्या वेस्ट गेट पुलाकडे गाड्यांची रांग लागते.

आग्नेयेला क्लेटन आणि ओकली: मोनाश विद्यापीठ आणि मोठं रुग्णालय क्लेटनला असल्याने विद्यार्थी आणि नर्सेसची वस्ती. जुनी युनिट्स, म्हणजे लहान फ्लॅट, लहान खोल्या, पण सगळं चालत. पुढे डँडेनाँगला फॉस्टर स्ट्रीटवर भारतीय दुकानांची अख्खी रांग आहे आणि बाजारात ताजी मासळी मिळते. बांगडा बघून पहिल्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. शिव-विष्णू मंदिर तिथून दक्षिणेला, कॅरम डाउन्सला.

उत्तरेला क्रेगीबर्न: पश्चिमेसारखंच नवं, आणि लोकलचं स्टेशन आहे.

जवळचा पश्चिम भाग, म्हणजे फुट्सक्रे आणि सनशाइन: शहराला जवळ, अनेक गाड्या थांबतात, व्हिएतनामी आणि आफ्रिकी वस्ती मोठी, भाजी-मासळीचा बाजार उत्तम. एकट्याने राहणाऱ्यांनी हे भाग नक्की बघावेत. त्यांची कीर्ती ऐकून घाबरवणारे भेटतात. स्वतः जाऊन बघा, मग ठरवा.

मुलं शाळेत जाणारी असतील तर सरकारी शाळेचा झोन आधी बघा. पत्त्यावरून शाळा ठरते, आणि रस्त्याची एक बाजू झोनमध्ये, दुसरी बाहेर, असं सर्रास असतं. "फाइंड माय स्कूल" या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकला की कळतं. ग्लेन वेव्हर्लीसारख्या ठिकाणी शाळेपायी भाडं चढलेलं असतं, मूल नसताना ते भरू नका.

आणि चिपळूणकरांनो, तुम्हाला २२ जुलै २०२१ विसरता येणार नाही. मेलबर्नलाही नद्या आहेत. १४ ऑक्टोबर २०२२ ला मॅरिबर्नाँग नदीचं पाणी घरांत शिरलं होतं. नदीकाठचं घर फोटोत फार सुंदर दिसतं. "व्हिकप्लॅन" या सरकारी नकाशावर पत्ता टाकून पूररेषा बघा, आणि शेजाऱ्याला विचारा, २०२२ ला पाणी कुठवर आलं होतं.

६. तीन वेळा जाऊन या

दोन-तीन उपनगरं नक्की झाली की प्रत्येक ठिकाणी तीन वेळा जा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री नऊनंतर, आणि रविवारी दुपारी. सकाळी प्लॅटफॉर्मवर उभं राहून गर्दी बघा. रात्री स्टेशनवर उतरून ज्या रस्त्यावर घर घ्यायचं आहे तिथवर चालत जा. दिवे आहेत का, दुकानं उघडी आहेत का, आपल्यासारखं आणखी कुणी चालतंय का? मी क्लेटन निवडलं ते अशाच एका रात्रीच्या फेरीत. साडेनऊला स्टेशनातून बाहेर पडले तर गणवेशातल्या तीन नर्सेस माझ्यापुढे चालत होत्या. एक भाजीचं दुकान आवरत होतं, तिथे मेथी होती. रस्ता दिव्यांनी भरलेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावरची घरं शोधायला लागले.

७. घराच्या आत काय बघायचं

घर दाखवायची वेळ एजंट ठरवतो, तिला इन्स्पेक्शन म्हणतात. आधी नाव नोंदवावं लागतं, आणि पंधरा मिनिटांत दहा-वीस जण एकदम घर बघतात. तेवढ्यात काय बघायचं ते मनात ठरलेलं हवं.

पहिली दिशा. आपल्याकडे थंडीत ऊन दक्षिणेकडून घरात येतं. ऑस्ट्रेलिया पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात, तिथे हिवाळ्यातलं ऊन उत्तरेच्या खिडकीतून येतं. फोनमधलं होकायंत्र काढा आणि बसायच्या खोलीची मोठी खिडकी कुठे आहे बघा. उत्तरेला असेल तर जून-जुलैत दुपारी खोली उबदार राहते, बिल कमी येतं. दक्षिणेला असेल तर महिनोन् महिने ऊन दिसत नाही. पश्चिमेला मोठी खिडकी असेल तर जानेवारीत पारा चाळिसावर जातो त्या दिवशी खोलीत बसवत नाही.

दुसरी ओल. यात आपली कोकणी नजर कामी येते. श्रावणात कपाटातून येणारा वास आपल्याला ठाऊक आहे, तोच वास शोधा. बाथरूमचं छत, कपाटाचा मागचा कोपरा, खिडकीची खालची चौकट, पडद्यामागची भिंत. काळे ठिपके दिसले किंवा एकाच भिंतीवर ताजा रंग दिसला तर थांबा. इमारतीच्या दोषामुळे आलेली बुरशी नसावी, हा तिथल्या किमान दर्जाचा कायदेशीर नियम आहे.

तिसरा हीटर. बसायच्या मुख्य खोलीत कायम बसवलेला, चालू स्थितीतला हीटर मालकाने द्यायलाच हवा. तो सुरू करून दाखवा म्हणा, त्यात संकोच नको.

चौथी चुलीवरची चिमणी. वाफ बाहेर जाते की गाळून पुन्हा खोलीतच येते, विचारा. खोलीतच येत असेल आणि घरात मासे तळले जाणार असतील, तर धुराचा अलार्म रोज वाजेल आणि गालिच्यातून वास निघणार नाही.

नळ सोडून पाण्याचा जोर बघा, फोनला रेंज आहे का बघा, कपडे वाळत घालायला जागा कुठे ते बघा. बाकी सजावटीकडे लक्ष देऊ नका.

८. कागद आधीच तयार ठेवा

घर आवडलं तर त्याच दिवशी अर्ज गेला पाहिजे. निघण्याआधी हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा:

- पासपोर्ट आणि व्हिसाचं पत्र
- आपलं ड्रायव्हिंग लायसन्स (ओळखीचा आणखी एक पुरावा म्हणून)
- नोकरीचं ऑफर लेटर पगारासह, किंवा विद्यापीठाचं प्रवेशपत्र
- बँकेत शिल्लक किती आहे याचं बँकेचं पत्र; स्कॉलरशिप असेल तर तिचं पत्र
- पुण्या-मुंबईत भाड्याने राहिला असाल तर जुना करार आणि त्या मालकाचं इंग्रजीतलं शिफारसपत्र
- जुन्या वरिष्ठांचं किंवा प्राध्यापकांचं शिफारसपत्र, ईमेलसह
- स्वतःची ओळख करून देणारं पानभर पत्र: कोण राहणार, काम काय, किती दिवसांसाठी

तिकडचा भाड्याचा इतिहास नसणं ही नव्या माणसाची सर्वांत मोठी अडचण. ती या पत्रांनी बरीच भरून निघते, म्हणून पानभर पत्र मनापासून लिहा. रोजचे व्यवहार दाखवणारं बँक स्टेटमेंट मागायला व्हिक्टोरियात मनाई आहे, तेव्हा कुणी मागितलं तर शिल्लक दाखवणारं पत्र द्या. जाहिरातीतल्या रकमेपेक्षा जास्त भाडं मागायलाही त्यांना परवानगी नाही.

नकार येतील. मला सहा आले. सातव्या घराला होकार मिळाला आणि ते आधीच्या सहापेक्षा स्टेशनला जवळ होतं.

९. पैसे कधी आणि कुणाला

घर आतून न बघता पैसे देऊ नका. तुम्ही येऊ शकत नसाल तर तिथल्या कुणाला तरी पाठवा. "मी परदेशात आहे, बाँड भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो" असं सांगणारा चोर असतो, मग फोटो कितीही खरे वाटोत. तो फोटो दुसऱ्या कुठल्या तरी विक्रीच्या जाहिरातीतून उचललेला असतो. फोटो गूगलवर उलट शोधून बघा. वाडीतल्या त्या मुलीच्या फोटोंच्या बाबतीत नेमकं हेच निघालं. तेच घर दुसऱ्या गावाच्या नावाने विक्रीला होतं.

बाँड मालकाच्या खिशात राहत नाही. तो रेसिडेन्शियल टेनन्सीज बाँड ऑथॉरिटीकडे जमा होतो आणि तुम्हाला तिथून पावती येते. पावती आली नाही तर लगेच विचारा. काही वाद झाला तर कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया हे सरकारी खातं फुकट माहिती देतं.

किल्लीबरोबर एजंट घराच्या स्थितीचा अहवाल देतो, त्याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात. सामान लावायच्या आधी, रिकाम्या घरात, तो घेऊन खोली-खोली फिरा. भिंतीवरचा ओरखडा, गालिच्यावरचा डाग, तुटलेली जाळी, सगळं लिहा, तारखेसकट फोटो काढा आणि राहायला आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत सही करून परत द्या. एक प्रत स्वतःकडे ठेवा. टारनीटच्या घरातून निघताना आमच्यावर बाथरूमच्या छतावरच्या बुरशीचे पैसे लावले जात होते. पहिल्याच संध्याकाळी मैत्रिणीने स्टुलावर चढून काढलेला फोटो ईमेलमध्ये सापडला. तो पाठवला आणि बाँडची पूर्ण रक्कम परत आली.